फळीदादा आणि जवसाची चटणी

या, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते, कीर्तनाला जाणाऱ्या कुणालाही विचारा. अजून थोडं पुढं. हं, असं. आज तुम्हाला एका चटणीची गोष्ट सांगतो. चटणीची म्हणजे चटपटीत असेल, असं मात्र धरून चालू नका. ही कडू लागते. पण पाडव्याला आपण कडुलिंबाचा पाला खातोच की नाही? तशी खा.

आधी कोडं घ्या. एका दुकानात बरणीतली एक चटणी होती. गावात ती सगळ्यांना आवडायची. एके दिवशी तर लोकांनी रांग लावून नेली. आणि तरी काही महिन्यांनी दुकानातलं हुशार यंत्र म्हणालं, "ही वस्तू कुणालाच नको आहे." यंत्र खोटं बोललं नव्हतं. लोकही खोटं वागले नव्हते. मग चुकलं कुठं?

राहू द्या डोक्यात. चला आता गावात.

बालाघाटाच्या डोंगराकडेला एक तालुक्याचं गाव होतं. काळ तुम्ही मोठे व्हाल तेव्हाचा. बसगाड्या बिनआवाजाच्या, घराघरावर सौरपत्रे, आणि गावाच्या ग्राहक भांडारात एक यंत्रमानव. चाकांवर फिरणारा उंच खांब, त्याला दोन लांब हात आणि कपाळावर एकच डोळा. तो दिवसभर फळ्यांवरचा माल मांडायचा, म्हणून पोरं त्याला फळीदादा म्हणायची.

त्याचं डोकं बनवलं होतं दुर्वाच्या आजोबांनी. दुर्वा सहावीत होती आणि आजोबा निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. एकदा तिनं त्यांना विचारलंच, "आजोबा, बरण्या मांडायला शास्त्रज्ञ कशाला लागतो? मी पण मांडीन की!"

"मांड ना. ही बरणी कुठं ठेवशील?"

"जागा असेल तिथं."

"तिथंच तर छोटा माणूस मरतो," आजोबा म्हणाले. "हे बघ, गिऱ्हाइकाचा हात कुठं जातो? डोळ्यांसमोरच्या फळीकडं. खाली वाकून कोण बघतं? मोठ्या कंपन्या त्या फळीवर ऐसपैस बसतात. घरी पापड, चटण्या करणाऱ्या बाईची बरणी जाते तळाला, केरसुणीशेजारी. दिसत नाही म्हणून खपत नाही, आणि खपत नाही म्हणून तिला कुणी वर घेत नाही. हे चक्र तोडायला मी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली (कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे भरपूर माहिती चाळून तिच्यातली पुन्हापुन्हा येणारी ठेवण स्वतः शिकणारं यंत्र). काय कधी खपलं, कशाबरोबर खपलं, कुठल्या फळीवरून खपलं, ही सगळी विदा (यंत्राला शिकण्यासाठी दिलेली माहिती) फळीदादा वाचतो. मग ठरवतो, कुणाला कुठं बसवायचं."

आणि खरंच, त्यानं कमाल केली होती. दुर्वाची सुभद्राआत्या जवसाची चटणी करायची. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, पण भावाच्या जिवावर खाणार नाही म्हणाली. खलबत्ता घेतला आणि जवस कुटायला बसली. बरणीवर तिचंच नाव होतं, 'सुभद्राची जवस चटणी'. चिठ्ठ्या दुर्वा चिकटवायची, थोड्या वाकड्या. सुरुवातीला ती बरणी तळालाच धूळ खायची. फळीदादानं विदा चाळली आणि बरणी उचलून ज्वारीच्या पिठाशेजारी नेली, डोळ्यांसमोर. भाकरीचं पीठ घेणाऱ्याला चटणी आठवतेच! रोज थोड्या, पण रोज, बरण्या जाऊ लागल्या. आत्या चालायची सुद्धा वेगळी. मान वर करून.

मग रामनवमीचा उत्सव आला, आणि नरहरबुवांचं कीर्तन. काय तो गळा! टाळ थांबला तरी सूर सभामंडपात फिरत राहायचा. पूर्वरंगात (कीर्तनाच्या पहिल्या, विचार सांगणाऱ्या भागात) बुवांनी एक दृष्टांत दिला. एका भोळ्या भक्ताकडं देवाच्या नंदादीपासाठी वर्षाचं तेल ठेवायला दिलं होतं. त्याला एका रात्री इतकं भरून आलं की त्यानं सगळं तेल एकदम ओतलं. गाभाऱ्यात मशालीएवढा जाळ! लोक म्हणाले, वा, काय भक्ती! आणि दुसऱ्या रात्रीपासून देव अंधारात. "देवाला जाळ नको रे," बुवा हात जोडून म्हणाले, "त्याला तेवणारी वात हवी." बायकांच्या बाजूला, खांबाजवळ बसलेल्या सुभद्राआत्यानं डोळे पुसले. दुर्वा तिच्या मांडीला टेकून ऐकत होती.

आता दैव बघा. हाच दृष्टांत सांगणारे बुवा आरतीनंतर, प्रसाद वाटताना, प्रेमानं म्हणाले, "मंडळी, आपली सुभद्रा किती कष्ट करते! आपल्या लेकीचा माल आपण नाही घ्यायचा तर कुणी? उद्या प्रत्येकानं पाच-पाच बरण्या घ्या. रामरायाची शपथ आहे!"

रामरायाची शपथ कोण मोडणार? सकाळी भांडार उघडायच्या आधी रांग. दुपारपर्यंत फळी मोकळी. आत्या दाराआडून बघत होती आणि पदर तोंडाला लावून रडत होती, आनंदानं.

फळीदादाचा डोळा हिरवा चमकला. "जवस चटणी. मागणीत मोठी वाढ. पूर्ण फळी देत आहे. कृपया माल वाढवावा."

आत्या जरा बिचकली. वडिलांना म्हणाली, "आबा, इतकी चटणी हे लोक दर महिन्याला खातील का हो?"

आजोबा हसले. "सुभद्रे, यंत्र आहे ते. कौतुकानं हुरळून जात नाही. विदा बघून बोलतंय. कर हिंमत."

आत्यानं हिंमत केली. हाताशी होतं नव्हतं ते सगळं जवसात घातलं. शेजारच्या दोघी कुटायला लावल्या. घरात बरण्याच बरण्या. भांडारातली ती अख्खी फळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, 'सुभद्राची जवस चटणी'. दुर्वानं तिथं उभं राहून फोटो काढून घेतला.

आणि मग काहीच झालं नाही.

म्हणजे अक्षरशः काहीच. रोज भांडार उघडायचं, लोक ज्वारीचं पीठ न्यायचे, चटणीकडं बघून ओळखीचं हसायचे आणि पुढं जायचे. का नाही जाणार? घरात चार बरण्या पडलेल्या! जवसात तेल फार. कुटलेला जवस जास्त दिवस राहिला की हवेनं ते तेल बिघडतं, खवट होतं. फळीवरच्या बरण्या खवटल्या, आणि ज्यांनी शपथ पाळली होती त्यांच्या कपाटातल्यासुद्धा. भांडाराच्या अभिप्राय-फलकावर लोक बोट ठेवू लागले: 'खवट', 'खवट', 'पूर्वीसारखी नाही'. फळीदादानं बरणी आधी तळाला नेली. मग एका सकाळी टोपलीत भरून बाजूला ठेवली.

दुर्वा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "ए फळ्या! ती माझ्या आत्याची आहे!"

"नमस्कार, दुर्वाताई. ही वस्तू कुणालाच नको आहे."

"पण लोकांनी रांग लावली होती! तू बघितलंस ना?"

"बघितलं. त्यानंतर त्यांनी घेणं बंद केलं. तेही बघितलं."

"का बंद केलं, ते विचारलंस?"

फळीदादाचा डोळा मिणमिणला. "विक्री माझ्या विदेत आहे. 'का' माझ्या विदेत नाही."

ती रडत घरी आली. माजघरात परत आलेल्या बरण्यांची चळत होती, आणि त्या जवसाचा तेलकट, कुबट वास. आजोबा तिथंच बसले होते. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, उगी म्हणाले नाहीत. म्हणाले, "डोळे मीट. तू आता फळीदादा."

तिनं डोळे मिटले. आजोबांनी फरशीवरून एक बरणी उचलली. खळ्. थोडं थांबून आणखी एक. खळ्. पुन्हा एक.

"बोल फळीदादा, उद्या किती जातील?"

"अशाच. एकेक करून."

मग आजोबांनी भराभरा बरण्या ओढल्या. खळ्‌खळ्‌खळ्‌खळ्.

"आता?"

"बाप रे! उद्या खूपच! भरपूर आणून ठेवा!"

मग शांतता. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

"आता?"

"आता... कुणालाच नको आहे." एवढं म्हणून दुर्वानं डोळे उघडले, आणि तिचा चेहरा पडला. "आजोबा, मी पण तेच म्हणाले."

"म्हणणारच. तुला खळखळ ऐकू आली. बरणी कुणी उचलली, भाकरीबरोबर खायला की शपथ पाळायला, ते ऐकू आलं नाही. विक्री ही खूण आहे गं. भूक वेगळी. रोज एकेक बरणी जात होती, तेव्हा खूण आणि भूक बरोबर चालत होत्या. एका दिवसात प्रेमानं त्यांची फारकत केली. यंत्रानं खुणेलाच भूक मानलं. नंतर शांतता झाली, तर तिला नावड मानलं. खरं तर ती पोट भरल्याची शांतता होती."

दुर्वा बरण्यांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बुवांची मशाल. वर्षाचं तेल एका रात्री."

आजोबांनी हातातली बरणी खाली ठेवली. म्हणाले, "कीर्तनाला मीही बसलो होतो. पहिल्या रांगेत."

तेवढ्यात दारातून आवाज आला. सुभद्राआत्या उभी होती, हातात कपड्यांची पिशवी.

"आबा, आता यंत्र दुरुस्त होईल का तुमचं?"

"होईल. त्याला शिकवीन. एकाच दिवसाच्या उसळीवर भाळायचं नाही, थोडं थांबायचं. माल किती दिवस टिकतो, ते करणारीला विचारायचं. गावात उत्सव, लग्न, कीर्तन काय आहे, ते जाणून घ्यायचं. आणि घेणाऱ्यालाच विचारायचं, मागची संपली का? पुन्हा येऊन घेतलेली बरणी हीच खरी मागणी."

"चांगलं आहे," आत्या म्हणाली. "माझ्या चटणीवर शिकलं. शिकवणी महाग पडली एवढंच."

"सुभद्रे, थांब. पुन्हा सुरू करू. मी आहे ना."

"नावाला खवट वास लागलाय आबा. बरणी धुता येते, नाव नाही." मग तिनं दुर्वाच्या डोक्यावरून हात फिरवला. "बुवांना कुणी बोलू नका हं. त्यांनी मायेनंच सांगितलं. सगळ्यांनी मायेनंच केलं. कुणावर रागवायची सुद्धा सोय नाही, बघ."

ती पुण्याकडच्या एका मोठ्या कारखान्यात बरण्या भरायच्या कामाला गेली. त्या कारखान्याची चटणी आता भांडारात येते, डोळ्यांसमोरच्या फळीवर, ज्वारीच्या पिठाशेजारी. कधी कधी दुर्वा त्यातली एक बरणी हातात घेऊन उलटसुलट करते. आत्यानंच भरली असेल का ही? बरणीवर तसं काहीच लिहिलेलं नसतं. चिठ्ठी मात्र अगदी सरळ चिकटवलेली असते.

कोडं सुटलं ना, बाळांनो? सुटलं. पण आत्याचं सगळं गेल्यावर सुटलं, म्हणून घशात अडकतं.

तरी एक सांगतो, म्हणजे तुम्ही तोंड कडू करून उठणार नाही. पुढच्या दिवाळीत हमीदाचाचींच्या हातच्या शेवयांवर लोक असेच तुटून पडले. सगळ्यांना वाटलं, आता फळीदादा पूर्ण फळी देणार. त्यानं डोळा मिणमिणवला आणि आजोबांनी शिकवलं होतं तसं म्हणाला, "हा मशालीचा उजेड असू शकतो. चाची, घाई नको. आपल्या शेवया किती दिवस टिकतात?" चाचींनी बेतानंच केल्या. आजही त्यांच्या शेवया त्या फळीवर आहेत, त्यांच्या नावानिशी. फळीदादाचे भाऊबंद आता दुसऱ्या गावांतही हेच विचारतात. दुर्वा म्हणते, मोठी झाले की असं यंत्र करीन, जे आधी 'का' विचारील आणि मग मोजील. करील ती. हट्टी आहे.

आणि नरहरबुवा? ते अजून नंदादीपाचा दृष्टांत देतात. पण तो सांगताना एकदा तरी त्यांची नजर बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या जागेकडं जाते, आणि तो घुमणारा सूर तिथं थोडा अडखळतो. आरतीनंतर ते आता काही सांगत नाहीत. नुसता प्रसाद देतात, चिमूटभर.

तर लेकरांनो, एवढं ऐकलंत, आता माझं एक मागणं. कुणाच्या हातची चीज आवडली तर एकच घ्या. ती खा, संपवा, आणि पुन्हा जा. पुन्हा जाल, तेव्हा सुभद्राआत्याची आठवण काढा. वाकड्या चिठ्ठीची, जवसाची चटणी करणारी. तिचं नाव आता कुठल्याच फळीवर नाही. तुमच्या तोंडी तेवढं राहू द्या.