इनलेट गेट

मस्तगडच्या घरातून भार्गवी निघाली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती, चाचणी. सात वर्षं तिने सळयांच्या कारखान्यातली कंट्रोल पॅनेलं सांभाळली होती. आता स्वतःच्या नावावर पहिलं सरकारी टेंडर लागलं होतं: एका नगरपरिषदेच्या सांडपाणी प्रकल्पाची कंट्रोल यंत्रणा तीन वर्षं सांभाळायची. अट एवढीच, की आधी तीन तास सगळं आपोआप चालवून दाखवायचं. नाही जमलं, तर काम दुसऱ्या क्रमांकाच्या कंत्राटदाराला.

बदनापूरच्या अलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की उघड्या माळावर तो प्रकल्प. शहराचं सगळं सांडपाणी आधी तिथल्या तीस फूट खोल विहिरीत येतं. विहिरीच्या तळाशी लोखंडी इनलेट गेट. ते उघडलं की पाणी धडाधड आत, मग पंप ते वर उचलतात. आज चाचणीसाठी विहीर रिकामी ठेवली होती.

बरोबर बारा वाजता नगरपरिषदेच्या अभियंता अरुंधती मॅडमनी घड्याळ समोर ठेवलं. "करा सुरू."

भार्गवीने बटण दाबलं. स्क्रीनवर एकेक हिरवा दिवा लागत गेला. बाहेर हवा फुंकणारे ब्लोअर घुमायला लागले, हवेच्या टाक्या खदखदू लागल्या. तिने महिनाभर जागून लिहिलेला प्रोग्राम डोळ्यांसमोर जिवंत झाला होता!

आता गेट. ते हलायला लागलं आणि तेवढ्यात थांबलं, स्क्रीन पिवळी झाली. 'इनलेट गेट: मॅन्युअल.'

म्हणजे विहिरीवरच्या पॅनेलचा स्विच कुणीतरी हाताने फिरवला होता. अठरा वर्षं तिथे ऑपरेटर असलेले कारभारी काका किल्ली घेऊन पळाले आणि दहा मिनिटांनी घामाघूम परत आले.

"स्विच खरंच मॅन्युअलवर गेल्ता, ताई. ऑटोवर करून आलो."

"कोण होतं तिथं?"

"कुणीच न्हाई. पॅनेलला कुलूप बराबर होतं."

गेट पुन्हा उघडायला लागलं आणि पुन्हा स्क्रीन पिवळी. अरुंधती मॅडमनी चष्मा काढला. "भार्गवी, आता शेवटची संधी. यानंतर मला नापास लिहावं लागेल."

भार्गवीने किल्ली घेतली आणि भर उन्हात विहिरीकडे धावत सुटली. कारभारी काका मागोमाग. तिने स्विच ऑटोवर केला, पॅनेलला कुलूप घातलं आणि त्याच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली. बघूच आता, कोण येतं ते!

खालून मोटर गुरगुरली. गेट हलायला लागलं.

आणि काचेआड, बंद पेटीत, तो काळा स्विच आपला आपण फिरला. सावकाश. कुणी चिमटीत धरून फिरवावा तसा. खट्.

मोटर थांबली. सगळा माळ एकदम गप्प झाला. त्या शांततेत विहिरीतून आवाज आला... खोकल्याचा.

तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. सडक्या अंड्यासारखा वास भसकन नाकात गेला. खाली, शिडीच्या मध्यावर, एक माणूस दोन्ही हातांनी लोखंडाला चिकटला होता. सफाईचं काम करणारे हरिओम. ते जेवायला गेलेत, असंच सगळे समजत होते.

कारभारी काकांनी शिडीवर पाय टाकला. भार्गवीने त्यांचा सदरा घट्ट धरला. "गॅस आहे खाली! दोघंही जाल. दोर आणा, दोर!"

फास करून दोर सोडला. "हरिओम, काखेत घाला! ऐकू येतंय का? काखेत!" एकेक करून हात वर आले, फास बसला, आणि दोघांनी जीव खाऊन ओढलं. सावलीत टाकल्यावर बऱ्याच वेळाने हरिओमनी डोळे उघडले.

"कशाला उतरलात हो?"

"आवाज आला, ताई... खालून. 'मला वर घ्या' म्हणून राह्यलं होतं कुणी. तळापर्यंत गेलो. कुणीच न्हाई... मंग चक्कर आली."

अरुंधती मॅडम फोन कानाला लावून धावत आल्या. त्यांनी हरिओमसाठी अँब्युलन्स बोलावली होती. तिकडे शहरात चेंबर तुंबून पाणी रस्त्यावर येत होतं. गेट आता उघडावंच लागणार होतं. कारभारी काकांनी आधी माणसं मोजली. आवारात चौघंच, आणि चौघंही वर. भार्गवीने विहिरीत बॅटरी मारली, तीनदा हाक मारली. उत्तर नाही.

तिने स्विच ऑटोवर केला. या वेळी तो फिरला नाही. गेट उघडलं, काळं पाणी गर्जत आत घुसलं आणि बघता बघता विहीर भरली. हरिओमना अँब्युलन्सने नेलं. गेट थांबलं म्हणूनच माणूस वाचला होता, तेव्हा मॅडमनी नापास न लिहिता घड्याळ नव्याने लावलं. पुढचे तीन तास सगळं इतकं सुरेख चाललं, की सही करताना त्यांनी भार्गवीची पाठ थोपटली.

निघताना कारभारी काकांना आठवलं, की हरिओमच्या अंगातून काढलेला दोर घाईत परत विहिरीत घरंगळला होता. कठड्यावर राहिलेलं टोक धरून दोघांनी तो ओढायला घेतला. जड लागत होता. मग एकाएकी हलका झाला.

चिंब, काळा दोर वर आला. टोकाचा फास मात्र एखाद्या बारीक माणसाच्या छातीएवढा आवळलेला होता.

भार्गवीने त्याला आतून बोट लावलं. कोरडा होता... आणि अजून कोमट.