प्रज्ञाचा फ्लेक्स

सौंसरच्या बसस्टँडसमोर माझ्या पोराचं, रोशनचं, फ्लेक्स छापायचं दुकान आहे. मशीन त्याची, कॉम्प्युटर त्याचा. छापून निघालेल्या फ्लेक्सचे काठ दुमडून चिकटवणं आणि त्यात दोरी ओवायच्या पितळी रिंगा ठोकणं हे काम माझं. मी तिसरी शिकलेली बाई, पण तालुक्यात असा एक पुढारी नाही ज्याच्या डोक्याशेजारी मी हातोडी मारलेली नाही. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळे माझ्या मांडीवरून जातात. रोशन म्हणतो, माय, आता घरी बस. मी म्हणते, घरी बसून तुझ्या बायकोच्या भाजीत मीठ चाखत राहू काय?

फ्लेक्स आमच्याकडच्या उन्हात टिकत नाही. आधी लाल रंग जातो, मग पिवळा. माणूस कितीही मोठा असो, दोन उन्हाळ्यांत निळा पडतो. पंधरा वर्षं हे मी रोज बघते. त्यात माझी चूक होत नाही, म्हणून पुढचं सांगायची हिंमत करते.

चार वर्षांमागे पांढुर्ण्याला प्रज्ञा नावाची आठ वर्षांची पोर शाळेच्या फाटकातून नेली. नेणारा परका नव्हता. त्यांच्याच मोहल्ल्यातला, दर उन्हाळ्यात त्यांचा कूलर दुरुस्त करून देणारा. "आईनं बोलावलं," म्हणाला, आणि पोर त्याच्या मोटारसायकलवर बसली. संध्याकाळी बापाला फिरौतीचा, पैसे मागणारा फोन आला. बाप बिचारा घरातलं किडूकमिडूक विकायला निघाला, नातेवाइकांपुढे हात पसरले, आणि तिसऱ्या दिवशी पोर रामाकोन्याकडच्या नाल्यात सापडली. मागून कळलं, पहिला फोन आला तेव्हाच ती उरली नव्हती.

मग दोन्ही गावं बंद झाली. मेणबत्त्या निघाल्या, नागपूरचे टीव्हीवाले आले. आमची मशीन तीन दिवस थंड झाली नाही. सगळ्यांना एकच फोटो हवा, शाळेच्या ओळखपत्रावरचा. कानांच्या वर दोन शेंड्या, लाल रिबिनी, पांढरी कॉलर, आणि हसताना वरचा एक दात पडलेला. वर हिंदीत "हमारी बिटिया को न्याय दो". खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग, कारण रांग नसली तर न्याय कोण मागून राहिलं हे लोकांना कसं कळणार?

त्यातला एक आठ बाय सहाचा फ्लेक्स दुकानासमोरच्या लोखंडी फ्रेमवर चढला. त्याला रिंगा ठोकताना माझा हात चुकला होता. त्या पडलेल्या दाताकडे बघत बसले आणि डाव्या रिबिनीजवळची रिंग तिरपी बसली.

खटला चालला, फाशीचा निकाल लागला. चौकात लोकांनी पेढे वाटले. मी घेतला नाही. अपील वर गेलं, आणि लोक संत्र्याच्या भावावर बोलायला लागले.

पहिल्या उन्हाळ्यात खालची रांग फिकी झाली. दुसऱ्यात सगळे पुढारी निळे पडले, जसे थंडीत पाण्यातून काढले असावेत. प्रज्ञाच्या रिबिनी लालच राहिल्या. मला वाटलं, शाई चांगली लागली असेल.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी हातोडी खाली ठेवली.

"रोशन, इकडे ये. या पोरीचा दात आला."

"कोणत्या पोरीचा?"

"समोरच्या."

त्याने कॉम्प्युटरवरून मान काढली नाही. "माय, तुह्या डोळ्यात मोतिबिंदू पिकून राहिला. नागपूरले दाखवून येऊ."

"मोतिबिंदू असलेलं झाकते रे, बाप्पा. नसलेला दात उगवते काय त्यानं?"

तेव्हा त्याने जुनी फाइल उघडली. फाइलीत दात नव्हता. तो हसतहसत स्टूल घेऊन रस्ता ओलांडून गेला. कोणी दुसरा फ्लेक्स चढवला असेल म्हणाला. स्टुलावर चढून त्याने काठ बघितला, तिरपी रिंग बोटानं चाचपली. मग त्या दातावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

परत आला तेव्हा तांब्याभर पाणी प्याला आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे पाठ करून बसला. तेव्हापासून तो तसाच बसतो. गिऱ्हाईक आलं तरी.

चैत्रापर्यंत केस खांद्यावर आले. गाल ओसरले, हनुवटी निघाली. चौकातल्या कोणाला दिसलं नाही. लोक फ्लेक्सवर आपलं नाव शोधतात. नसलं की पुढे जातात.

एक बाई मात्र बघायची. अमिता, त्या पोरीची आई. खटल्याच्या तारखांना ती पांढुर्ण्याहून यायची. तारखा संपल्या तरी थांबली नाही, दर शनिवारी यायची. अकराच्या बसनं उतरायची, फ्रेमसमोर उभी राहायची, एकच्या बसनं जायची. चहावाला म्हणाला, हिला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन जा कोणीतरी, बाहेरचं लागलं. मी म्हटलं, आधी तुझ्या चहाला घेऊन जा, त्याला दूध लागत नाही.

एका शनिवारी मीच तिला हाक मारली. "ऊन डोक्यावर आलं ना, पोरी. आत ये, बस."

ती आली. पाणी प्याली. पदरानं गिलास पुसून ठेवला.

"काकू, तुमाले दिसते ना?"

माझ्याकडे प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. त्या दिवशी मी फक्त "हाव" म्हटलं.

"पयले मले वाटे, मीच येडी झाली. हिचे बाबा तर हा रस्ताच टाळतात." ती हळूच हसली. "उंची बापावर चालली, नाई? शाळेचा कुर्ता आखूड होऊन राहिला. मागच्या बाजारात मी निळा घेतला, कॉलरवाला. पेटीत ठेवला. कोणाले दाखवला नाई."

पुढच्या शनिवारी फ्लेक्सवरची पांढरी कॉलर निळी होती.

त्या पेटीत मी कधी डोकावले नाही. एवढंच सांगते की त्या आठवड्यात कोणी शिडी लावली नव्हती, आणि मी दुकानातून हलले नव्हते.

मग यंदा पौषात निरोप आला. खालच्या रांगेतल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस, आणि फ्रेम त्याची.

"जुना काढा म्हणतात, माय," रोशन भिंतीकडे बघून म्हणाला. "गुरांच्या कोठ्यावर टाकाले नेतो म्हणतात."

"त्याले सांग, त्याचा स्वतःचा टाक म्हणा. गुरंबी घाबरून दूध देणार नाई."

"माय, फ्रेम त्याईची आहे."

शनिवारी मी अमिताला सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. फ्रेमकडे बघत म्हणाली, "काढा लागन तर काढा. पण काकू, तिथून काढल्यावर ते मोठी कुठं होईन?"

मी तिचा हात धरला. "मी देवकाबाई आहे. गुरांच्या कोठ्यावर तुही पोरगी जाणार नाई. तुह्या घरी पोचवते."

मंगळवारी दुपारी पुढाऱ्याची दोन माणसं ब्लेड घेऊन आली. जुना फ्लेक्स असाच काढतात, चारी कोपरे कापून. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"ब्लेड खिशात ठेवा. रिंगा माह्या आहेत. गाठी माहं पोरगं सोडन."

रोशन शिडीपाशी आला. चढायच्या आधी त्याने चपला काढून ठेवल्या. मी सांगितलं नव्हतं.

एकेक गाठ सुटली. त्याने फ्लेक्स गुंडाळून वरून माझ्या खांद्यावर दिला.

आठ बाय सहाचा फ्लेक्स किती जड असतो, हे मला झोपेतही सांगता येईल. हा त्याहून जड होता. मी तीन पोरं वाढवली. झोपलेलं मूल खांद्याला कसं लागतं, ते माझ्या खांद्याला ठाऊक आहे.

"मी येऊ का, माय?" रोशन म्हणाला.

"दुकान सांभाळ."

अमिताचा नंबर माझ्याकडे नव्हता. पत्ताही नव्हता. अशा घराला पत्ता लागत नाही, पांढुर्ण्यात कोणालाही विचारलं की लोक बोट दाखवतात. मी अडीचच्या बसमध्ये चढले. गुंडाळी खिडकीच्या सीटवर उभी ठेवली आणि शेजारी बसले.

बाहेर संत्र्याचे बगीचे चालले होते. ऊन स्वच्छ होतं. मी समोर बघत होते.

कंडक्टर आला.

"कुठं, आजी?"

"पांढुर्णा. एक."

त्याने माझ्या पलीकडे, खिडकीकडे बघितलं.

"अन् हिची? हाफ नाई चालणार आता. बाराची झाली असन ना?"

मी मान वळवली नाही. दोन तिकिटांचे दिले.

त्याने हात लांबवून खिडकीची काच ओढली. "वारा लागून राहिला तिले," म्हणाला, आणि मागे गेला.

पांढुर्ण्याच्या स्टँडवर अमिता उभी होती. मंगळवार होता. कोणी तिला कळवलं नव्हतं.

मी गुंडाळी उचलली. साध्या फ्लेक्सएवढीच लागली ती.

उतरून मी ती पुढे केली. अमितानं घेतली नाही. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. बसच्या पायरीकडे बघितलं, मग थोडं खाली, आणि डावा हात पुढे केला.

"काकू, येते," म्हणाली, एवढंच.

मी गुंडाळी घेऊन स्टँडवरच राहिले, ती रस्त्याला लागली. डाव्या बाजूला हातभर जागा सोडून, स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालत होती. समोरून एक ऑटो भरधाव आला. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला, वेग कमी केला आणि दोघींना वाट देऊन निघून गेला.