मिठागराकडची खिडकी

वात जरा पुढे सार शकू, म्हणजे तुझं तोंड दिसेल मला. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे कुणाशी बोलले नव्हते.

माझा थोरला भाऊ सहदेव ठाण्याच्या स्टेशनात मालधक्क्यावर कामाला होता. प्लेगच्या साली त्याने कोपरीला, मिठागरांच्या अंगाला एक घर भाड्याने घेतलं. घर चटकन मिळालं, कारण आधीची माणसं त्यातच गेली होती. धुरी दिली तेव्हा खिडक्यांच्या झडपाही काढून जाळल्या होत्या. नुसते गज उरले होते. नवरा गेल्यापासून मी भावाकडेच होते. घरात तो, मी आणि वहिनी. शेवंती तिचं नाव. वयाने माझ्याहून लहान, पण मी वहिनीच म्हणायची.

तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली. पहिल्याच्या वेळी फार रडली. दुसऱ्याच्या वेळी रडलीच नाही. वाढलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. कधीमधी मला वाटायचं, ही त्या लेकरांना पोचवायला गेली ती परत आलेलीच नाही. पण मी तरी कुठे शुद्धीवर होते? तव्याचा चटका बसला तरी कातडीला फोड आल्यावर कळायचं. दोघी दिवसभर एकाच खोलीत असायचो, आणि संध्याकाळी दिवा लावताना लक्षात यायचं की आज कुणी तोंडच उघडलं नाही.

तशात तिला पुन्हा दिवस गेले. सातवा महिना होता, आणि पौषातल्या अवसेला, शनिवारी, भर दुपारी सूर्याला ग्रहण लागायचं होतं. मोठं ग्रहण. शेजारच्या गंगूबाईंनी आधीच बजावलं होतं की पोटुशीवर त्याची सावली पडता कामा नये. जन्म मिठागरावर राबून त्यांच्या टाचा पांढऱ्या पडल्या होत्या, आणि वस्तीतली बाळंतपणं त्याच करायच्या. दादाने झडपांचं काम सुताराला सांगून ठेवलं होतं. सुतार घरच्यांना घेऊन गावी निघून गेला. दादाला त्या दिवशी सुट्टी नव्हती. सकाळी बघते तर खिडक्या तशाच उघड्या.

मी ट्रंकेतून आईची जुनी लुगडी काढली, सुईत दोरा ओवायला घेतला. गंगूबाईंनी येऊन माझं मनगट धरलं.

"वेध लागलेत," त्या म्हणाल्या. "आता या घरात सुई नाही, कातर नाही. फाडायचंसुद्धा नाही."

"मग पडदा करू कशाने?"

"ते तू बघ. कापडाला भोक पडू देऊ नकोस म्हणजे झालं."

वहिनी चटईवर बसून आमच्याकडे बघत होती. तिला कशालाच हात लावू द्यायचा नव्हता, आणि तिने लावलाही नसता.

मग मी वलणीची काठी उतरवली. लुगडं अख्खंच्या अख्खं घेऊन घडीवर घडी घातली, इतकी की आरपार उजेड दिसेना. ती घडी काठीवरून निम्मी अलीकडे, निम्मी पलीकडे सोडली. आदल्या रात्रीच्या भाताची पेज उरली होती. ग्रहणात टाकूनच द्यायची, म्हणून तीच बोटांनी चोळून खळीसारखी केली आणि दोन्ही पदर कडेने चिकटवले. खालचा काठ आत दुमडून त्यात अंगणातले खडे भरले, तोही पेजेनेच दाबला. काठी चौकटीवरच्या खुंट्यांवर ठेवली. पडदा ओळंब्यासारखा सरळ लोंबला. रस्त्याकडच्या खिडकीला तसाच दुसरा केला. आंबूस वास खोलीभर पसरला, पण सुईचा एक टाका न घालता दोन्ही खिडक्या बंद झाल्या. गंगूबाईंनी कापडावर तळवा फिरवून पाहिलं, मान हलवली आणि आपल्या घरी गेल्या.

वहिनीला मी चटईवर आडवं केलं. हातपाय सरळ ठेव, कूस बदलू नकोस म्हटलं. तिने भिंतीकडे मान वळवली आणि डोळे मिटले.

काळोख आला तो संध्याकाळसारखा नाही आला. संध्याकाळी उजेड तांबूस होतो. हा दाराच्या फटीत राखेसारखा झाला. आधी कावळे ओरडले, मग एकदम गप्प झाले. रस्त्यावरची वर्दळ थांबली. खाडीच्या चिखलाचा वास घरात शिरला, ओहोटीला येतो तसा खारट, कुजका. मी दोन्ही खिडक्यांच्या मधे भिंतीला टेकून बसले होते. वारा नव्हता. तरी मिठागराकडचा पडदा हळूच आत ओढला गेला. खडे चौकटीवर घासले. मग तो सैल पडला. पुन्हा आत आला… पुन्हा सैल. कुणी कापडाला तोंड लावून श्वास घ्यावा तसा.

"वन्सं…"

आवाज बाहेरून आला. वहिनीचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी होता तसा, कोवळा. कितीतरी दिवसांत तिने मला अशी हाक मारली नव्हती.

मी वळून पाहिलं. वहिनी चटईवरच होती. छाती संथपणे वरखाली होत होती. अंधारात तिची टाच दिसत होती.

"वन्सं, पडदा सारा ना. मी बाहेरच राहिले."

पडदा पुन्हा आत ओढला गेला.

"इथे काळोख झालाय हो… मुलं भितात."

शकू, मला भीती वाटायला हवी होती. किंवा रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. उठून मी पडद्याला हात लावला. कापड गार होतं आणि मधे ओलसर लागत होतं. ओल वाढली तर खळ सुटेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी दोन्ही तळव्यांनी कडा चौकटीवर दाबून धरल्या आणि उभी राहिले. पलीकडून कुणी ढकललं नाही, ओढलं नाही. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "बरं." आणि मिठाच्या खरपुडीवर पावलं वाजत लांब गेली.

रस्त्यावर दान मागणाऱ्यांच्या आरोळ्या उठल्या तेव्हा कळलं, ग्रहण सुटलं. माझी बोटं उघडेनात. वहिनी उठली, तिला न्हाऊ घातलं, मीही न्हाले. मग पडदा उतरवला. बाहेरच्या अंगाला, उभ्या बाईचं तोंड येईल तिथे, ओला डाग होता. त्याच्या खाली, काठाजवळ, तसेच दोन लहान.

लुगडं मी खाडीत सोडलं. दादाला सांगितलं नाही, गंगूबाईंनाही नाही.

चैत्रात वहिनीला मुलगी झाली. धडधाकट, घसा फोडून रडणारी. दादा मालधक्क्यावर सगळ्यांना पेढे वाटत फिरला. वहिनीही बोलायला लागली, भाकरी थापताना गुणगुणायला लागली. बघणारी म्हणायची, देवाने डोळे उघडले. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

बारसं झाल्यावरची एक दुपार. मी तिला वेणी घालत होते. ती मुलीला पाजत बसली होती. मधेच, मीठ संपलंय म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली,

"त्या दिवशी पडदा सारला नाहीत, ते बरं केलंत."

माझ्या हातात तिचे केस तसेच राहिले.

"तू जागी होतीस, वहिनी?"

तिने जरा विचार केला.

"ती तिघं आत आली असती," ती म्हणाली, "तर मी कुठे गेले असते?"

आणि मुलीला तिने दुसऱ्या अंगावर घेतलं.