परत म्हण

उमरोळीला रिक्षातून उतरताना वैभवीला वाटत होतं, पाच मिनिटांचं तर काम आहे. दिशाच्या घरी जायचं, सॉरी म्हणायचं आणि अंधार पडायच्या आत बोईसरला परत. जागृती मॅडमनी बजावलं होतं, "ती शाळेत परत आली पाहिजे. आणि ते तुझ्या तोंडच्या शब्दानंच होईल."

झालं होतं ते असं. रोज पहिल्या तासाला मॅडम मुलांना डोळे मिटून बसवत आणि श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत. मन शांत होतं म्हणे! पण माकडाच्या हाती कोलीत, तसा वैभवीच्या हाती मोबाईल. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना हिने आपले उघडले आणि शेजारच्या दिशाचं शूटिंग केलं. दिशाला दमा. तोंड उघडं, छातीतून बारीक शिट्टी वाजतेय. वैभवीने त्याला कुकरची शिट्टी जोडली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेत फिरलं ते. मग दिशा दिसली की पोरं शिट्ट्या मारायची, तिच्या मोबाईलवर रात्रंदिवस तेच यायचं. तिने शाळा सोडली. पोट धरून हसलेल्या वैभवीला आता स्वतःची लाज वाटत होती, अगदी मनापासून.

चिकूच्या वाडीत ती शिरली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. लाईट गेलेली. वाडीच्या टोकाला दिशाचं कौलारू घर, दार सताड उघडं. आतून कुजक्या पाल्याचा वास येत होता.

"दिशा?"

"ये... बस..." आतल्या खोलीतून कुणी तरी हळूच म्हणालं.

खाटेवर दोन वेण्या घातलेली मुलगी पाठ करून बसली होती. अंगात शाळेचा ड्रेस. छातीतून तीच बारीक शिट्टी. वैभवी खाली चटईवर टेकली.

"डोळे मिटून घे..."

वैभवीने मिटले. हिला आता कुणाची नजरच नको असणार, आणि ते आपल्यामुळे, या विचाराने तिला भरून आलं. "दिशा, सॉरी. माझं चुकलं."

"परत म्हण..."

ती परत म्हणाली. आवाज जरा बसका आला.

"अजून..."

या वेळी शब्द घशात घासले. पुढच्या वेळी तोंडातून नुसती हवा आली. आणि समोरची शिट्टी... ती थांबली होती. खोलीत एकच छाती वाजत होती, वैभवीची. तिची पाचावर धारण बसली. तिने डोळे उघडले. खाटेवर कुणीच नव्हतं. चादरीला साधी सुरकुतीही नव्हती.

ती जी धूम पळाली ती वाडीच्या वाटेवर समोरून आलेल्या दोघींना धडकलीच.

"कोन हाय?" दिशाच्या आईने, मंदाने, तोंडावर बॅटरी मारली.

"आई, वैभवी." दिशा आईच्या मागे सरकली.

"तीच का गं तू?" मंदाचा आवाज चढला. "आता काय काडायला आलीस? पोर रात रात झोपत नाय. आता आमी डाक्टरकडून येतोय, आनि तू घराकडं काय करत होतीस? कुलूप लावून गेलते मी!"

घरात जाऊ नका, एवढंच वैभवीला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं. छातीतून लांब शिट्टी वाजली.

दिशाचा चेहरा पांढराफटक पडला. "इथं येऊनसुद्धा माझी नक्कल करतेस?"

वैभवीने जिवाच्या आकांताने मान हलवली, तिचा हात धरला. तो झिडकारून मंदा लेकीला घराकडे ओढत निघाली. वैभवी रडत मागे. बॅटरीचा उजेड दारावर पडला. दार बंद होतं आणि कडीला कुलूप होतं.

आतून आवाज आला. स्वच्छ, गोड, वैभवीचाच.

"दिशा... सॉरी. माझं चुकलं. जरा डोळे मिटून घे ना..."

मंदा दोन पावलं मागे सरली. दिशा मात्र घाबरली नाही. याच शब्दांची तिने कितीतरी दिवस वाट पाहिली होती. तिने आईचा हात सोडला आणि डोळे मिटून घेतले.