चाळिसावा श्वास

“न्यायमूर्तीबाई, तुम्ही श्वास कुणाच्या परवानगीनं घेता?”

शाल्मलीनं विचारलं एकदाचं! तिच्या मागे नाझनीननं किमयाला चिमटा काढला. ‘धमक असेल तर विचार’ म्हणून मधल्या सुट्टीत या दोघींनीच तिला डिवचलं होतं. आता दोघीही छताकडे बघत होत्या.

चंद्रावरच्या क्षितिजनगरात आणीबाणी लागून सव्वीस दिवस झाले होते. उल्केनं घुमटाला भोक पाडलं, हवा गळली आणि प्रशासकांनी सगळ्यांचे हक्क गुंडाळून ठेवले. ‘गळती केव्हाच बुजली आहे,’ असं सांगणाऱ्या वायुमापक रेवती घोलप अटकेत होत्या. ती शाल्मलीची आई. आज दुपारी बाराच्या यानानं त्यांना सुनावणीशिवाय पृथ्वीवर धाडणार होते. आणि न्यायालयाचं दार बंद!

त्या बंद दारासमोर उभ्या असलेल्या न्यायमूर्ती तिरपुडे रागावल्या नाहीत. “प्रश्न रास्त आहे, पोरी. मुलाणी, सांगा हिला.”

वायुअभियंता मुलाणीकाकांनी मनगटावरची श्वासपट्टी दाखवली. “बचतीच्या हुकमानं प्रशासकांनी खोल्यांची हवा तोडली. आता हवा मिळते ती माणसाला. पट्टी जिथं जाईल तिथं प्राणवितरक त्या माणसाचा वाटा सोडतो. कैदी असो की प्रशासक, वाटा सारखाच. तो आणीबाणीतही कापता येत नाही, नाहीतर माणूस मरेल ना! पण हे दालन पडलं अवाढव्य. दारापुढच्या पिवळ्या रेषेच्या आत चाळीस पट्ट्या जमल्या, तरच आत पुरेसा दाब होतो आणि दार उघडतं. बाई, कारकून, दोन वकील आणि मी. पाचांत काय होणार?”

“मग छोट्या खोलीत घ्या की सुनावणी,” किमया पुटपुटली.

“कुणी बघायला नसताना? तसला न्याय मी देत नाही,” न्यायमूर्ती म्हणाल्या.

शाल्मलीचे डोळे लकाकले. “काका, म्हणजे दार प्रशासकांमुळे बंद नाहीच. आपण कुणी येत नाही म्हणून बंद आहे!”

मुलाणीकाकांनी दाढी खाजवली. “आयला! हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

तिघी सुसाट धावल्या. पंधरा मिनिटांत वर्गातली उरलेली एकोणतीस मुलं आली, मागून धापा टाकत सर आले, आणि अळंबीच्या शेतातून तसेच मातीच्या हातांनी शाल्मलीचे बाबा आले.

भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून प्रशासकांचा आवाज कडाडला, “सभाबंदी मोडताय तुम्ही!”

“सभा कसली?” न्यायमूर्ती शांतपणे म्हणाल्या. “नागरिकशास्त्राचा तास चालू आहे.”

दारावर आकडा उमटला. एकोणचाळीस. दार हलेना.

बाराला दहा मिनिटं होती. तेवढ्यात यानतळाच्या वाटेनं रक्षक आईला घेऊन आला आणि गर्दी बघून रेषेबाहेर थबकला.

“हिला एक पाऊल पुढे येऊ द्या,” न्यायमूर्ती म्हणाल्या.

“तसा हुकूम नाही, बाई.”

“येऊ न देण्याचा आहे?”

रक्षकानं डोकं खाजवलं. “तोपण नाही.”

आईनं पाऊल टाकलं. चाळीस! झडपा सुसाटल्या, दार सरकलं आणि पोरांनी असा कल्ला केला की कारकुनाच्या हातातली पाटी पडली. ज्या कैद्यासाठी न्यायालयाचं दार बंद होतं, त्याच कैद्याच्या श्वासानं ते उघडलं होतं.

आईला अटकेपर्यंतच्या प्रत्येक दिवसाची मापं तोंडपाठ होती. ती ऐकून न्यायमूर्तींनी निकाल दिला, “आणीबाणी हवेची आहे, तोंडाची नाही. रेवती घोलप मुक्त. गळती कुठं उरली आहे, ते प्रशासकांनी उद्या इथं येऊन दाखवावं.” यान एक जागा रिकामी ठेवून उडालं.

घरी आल्या आल्या शाल्मलीनं दप्तर फेकलं आणि कमरेवर हात ठेवले.

“आई, बाबा, आधीच सांगून ठेवते. उद्यापासून गृहपाठ मी न्यायालयात बसून करणार. रोज. आणीबाणी उठल्यावरसुद्धा. एक वाटा कमी पडला म्हणून ते दार पुन्हा अडायला नको!”