वच्छलेने पसंत केलेला कॅमेरा

रोज दिवेलागणीला वच्छला अंगणातल्या बाजेवर बसे आणि मी तिला अंगण सांगत असे. उजवीकडून सुरुवात. कडूनिंब. मग रांजण. मग तुळस. मग भिंत, आणि तिच्यावर काय वाळत असेल ते.

देवीच्या साथीत तिचे डोळे गेले तेव्हा ती परकरात होती. रंग तिला आठवत. लग्न नंतरचं. म्हणजे माझं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

मी डोणगावच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषध मापून द्यायचं, अंदाजाने नाही. अंगणही तसंच सांगायचो. पण काही वर्षांनी अंगण तेच, शब्द तेच. कॅमेरा घेतला तर नीट बघायला तरी शिकेन, असं वाटलं.

शेजारचे पंजाबराव ओट्यावरून म्हणाले, "बायको आंधयी, अन् हा फोटो काढते. दाखवशीन कोणाले बे?"

आतून वच्छला म्हणाली, "मले सांगतीन ते. तुमचा काढला तं तेवढा सांगू नका म्हणीन."

शेगावला स्टेशनजवळ रहेमतुल्लांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. जुने कॅमेरेही ते विकत. त्यांनी दोन पुढे ठेवले. एक घडीचा. भाता ओढला की भिंग पुढे येई. अंतर लावता येई, उजेड कमीजास्त करता येई. दुसरा नुसता काळा डबा. कळ दाबायची, फोटो निघाला की किल्लीने फिल्म पुढे सरकवायची. वर बोटाच्या पेराएवढी काच. डबा पोटाशी धरून तिच्यात खाली बघायचं. समोरचं सगळं दिसे, पण आरशासारखं. उजवं ते डावीकडे.

नवशिक्याला डबा बरा, पण तुमचं मन घडीच्यावर आहे, असं रहेमतुल्ला म्हणाले. दोन्ही घरी न्या, वापरून पाहा, एक आणून द्या.

मन घडीच्यावरच होतं.

वच्छलेने ओसरीत बसून दोन्ही चाचपले. भात्याला ती वटवाघूळ म्हणाली. डबा मांडीवर घेतला, भिंग अंगणाकडे केलं आणि मान खाली घालून बसून राहिली.

"डावीकडं कडूनिंब हाये," ती म्हणाली.

मी हसलो. रोज ऐकून पाठ झालेलं, तेही उलटं.

"मंग रांजण. मंग तुळस. भिंतीवर तुमचं धोतर. त्याच्यावर चिमणी बसली."

चिमणी मी सांगितली नव्हती. चिमणी होती.

वाकून मी काचेत पाहिलं. तिच्यात कडूनिंब डावीकडे होता.

मी भिंगावर तळहात दाबला. काच काळी झाली. ती मी स्वतः पाहिली. मग विचारलं, आता?

"आता सांज झाली."

अंगणात दुपारचं ऊन होतं.

हात तसाच ठेवून मी विचारत गेलो, ती सांगत गेली. कडूनिंब नाही, नुसता बुंधा आहे. तुळशीजवळ तिवईवर म्हातारा बसलाय. मिशा पांढऱ्या. कानाची पाळी फाटलेली.

लहानपणी बाळी ओढली जाऊन माझी पाळी फाटली होती.

"तुम्ही हसता चांगले," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "असेच असान, वाटलंच होतं."

हात न काढता मी पुढे विचारलं.

"काय करतोय तो?"

"बोलून राह्यले. समोरच्या बाजेले. निंबापासून सांगून राह्यले."

"बाजेवर कोण आहे?"

"कोनी नाही."

मी डबा ओढला. उद्याच परत देतो म्हणालो. घडीचा ठेवू, त्यात सगळं आपल्या हातात असतं.

तिने डबा सोडला नाही.

"हाच ठेवा. तुमच्याकडं पाहाले कोनीतरी पाहिजे."

घडीचा परत गेला. वच्छलेला त्या काचेत पुन्हा काही दिसलं नाही. रोज मान खाली घालून बघे, मग वर करून म्हणे, सांगा.

नागपूरहून बदलीचे हुकूम आले, ते मी रद्द करून घेतले; हे अंगण सोडवेना. मिशा पिकल्या. वच्छला थंडीत तापाने गेली. कडूनिंब त्यानंतरच्या वादळात.

*

उजवीकडून सांगतो.

निंबाचा बुंधा. रांजण. तुळस. भिंतीवर आज काही नाही.

बाजेवर डबा ठेवलाय, भिंग माझ्याकडे. आत फिल्म नाही. कितीतरी दिवस नाही.

सांगून झालं की मी हसतो. तू चांगलं म्हणाली होतीस.

भिंगाकडे बघत राहतो. मग कळ दबते.

मग किल्ली फिरते, सावकाश, चाचपत फिरवावी तशी.

तोवर मी हलत नाही. हललं तर फोटो बिघडतो.