वारा पडला तेव्हाची हाक

सकाळी वारा पडला आणि ओमानच्या वाटेवरची वैजयंती खोबरेकरची होडी भर समुद्रात जागच्या जागी थांबली. मालवणहून ती एकटीच निघाली होती. उगाच फडफडून झिजू नये म्हणून तिने शीड उतरवलं, त्याचीच सावली केली आणि चहा ठेवला. अशा दिवशी समुद्राशी हट्ट करण्यात अर्थ नसतो.

शिडाची फडफड थांबली तशी ‘जलश्रुती’ बोलू लागली. होडीच्या तळाला बसवलेलं हे यंत्र देवमाशांचे आवाज टिपायचं आणि त्यांचा अर्थ पडद्यावर दाखवायचं. अर्थ म्हणजे अंदाजच.

पूर्वेकडून आलं, ‘पिल्लू. एकटं.’ थोड्या वेळाने पश्चिमेकडून, ‘आई. शोधतेय.’

दोघांच्या मधून मालवाहू जहाजांचा रस्ता जात होता. जहाजांच्या घरघरीत मायलेकरांना एकमेकांचं काही ऐकू जात नव्हतं. यंत्र ती घरघर गाळत असल्याने रस्त्याच्या कडेला थांबलेल्या वैजयंतीला मात्र दोघंही ऐकू येत होती.

तिने उपग्रह फोनवरून नवऱ्याला सांगितलं, “पाण्यात सोडायचा भोंगा आहे माझ्याकडे. पिल्लाचा आवाज आईपर्यंत पोचवता येईल.”

“बॅटरी किती खाईल?” दिगंबरने विचारलं.

“जवळजवळ सगळी.”

“मग जहाज अंगावर आलं तर मोटर कशावर चालवशील गो?”

“रेडिओपुरती ठेवते. त्यांनाच बाजूने जायला सांगेन.”

“तू काही ऐकणार नाहीस. डोक्यावर टोपी तरी घाल.”

दुपारभर भोंगा पिल्लाची हाक पुन्हा पुन्हा पश्चिमेकडे पाठवत राहिला. मध्येच एक जहाज सरळ होडीच्या रोखाने येताना दिसलं. वैजयंती रेडिओवर विनवत राहिली. अखेर ते संथ झालं आणि वळसा घालून गेलं.

ऊन उतरताना होडीखालून एक प्रचंड काळी पाठ सरकली. मग पूर्वेला दोन फवारे उडाले, एक मोठा, एक चिमुकला. वैजयंतीने नाक ओढत फोन लावला.

“भेटली ना?” दिगंबरने विचारलं. “रडतेयस का?”

“थोडी.”

तेवढ्यात यंत्रावर नवाच आवाज आला. आईचा. तीनदा तोच आवाज, मग शांतता. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘हाक. होडीला.’

“दिगंबर, ती मला बोलावतेय. माझ्या उत्तराची वाट बघतेय,” वैजयंती हळूच म्हणाली. “आजवर तिच्याशी फक्त आपली जहाजंच बोलत आलीत. माणूस म्हणून पहिल्यांदा ओ द्यायची, तर काय म्हणू?”